मांजरासाठी हार्नेस: कोणता घ्यावा, कसा बसवावा आणि बाहेर कधी न्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चिंगी नावाची दीड वर्षाची देशी मांजर आहे. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, वजन साडेतीन किलो. दिवसभर खिडकीत बसून खाली बघते आणि दार उघडलं की जिन्याकडे धावते. म्हणून ऑनलाइन हार्नेस, म्हणजे मान आणि छातीभोवती बसणारा पट्टा, मागवला. पहिल्यांदा घातला तेव्हा ती आडवी पडली ती उठेचना. चार-पाच दिवसांनी जरा चालायला लागली, म्हणून तिला सोसायटीच्या बागेकडे नेलं. पार्किंगमध्ये कुणीतरी बाइक सुरू केली आणि चिंगी हार्नेसमधून निसटून गाडीखाली गेली. दोन तासांनी हाती लागली. आता तुम्ही विचारताय की मांजर निसटूच शकणार नाही असा हार्नेस कोणता, आणि मांजरांना हे सगळं मुळात जमतं का.

मी पशुवैद्य आहे आणि माझ्या दवाखान्यात मांजरांचंच काम जास्त असतं. पार्किंगमधली ही गोष्ट वेगवेगळ्या घरांतून, जवळजवळ याच शब्दांत, माझ्यापर्यंत येत असते. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन अडचणी एकत्र झाल्या आहेत. एक म्हणजे हार्नेस अंगावर नीट बसलेला नव्हता. दुसरी म्हणजे चिंगीला घरात हार्नेसची जराशी सवय झाली होती, बाहेरची अजिबात झाली नव्हती. पहिली अडचण दुसरा हार्नेस घेऊन सुटेल. दुसरी कितीही महागडा हार्नेस घेतला तरी सुटणार नाही. आणि घाबरलेल्या मांजराला हमखास अडकवून ठेवेल असा हार्नेस मिळत नाही, हे आधीच सांगते. चांगला हार्नेस आपल्याला काही सेकंद मिळवून देतो. तेवढ्या सेकंदांत आपण काय करणार, याची तयारी वेगळी करावी लागते.

मांजर निसटतं कसं, हे एकदा कळलं की खरेदी सोपी होते. माणसाचं कॉलरबोन एका टोकाला छातीच्या हाडाला आणि दुसऱ्या टोकाला खांद्याला जोडलेलं असतं, म्हणून आपले खांदे रुंदच राहतात. मांजराचं कॉलरबोन म्हणजे स्नायूंमध्ये रुतलेलं एक बारीक हाड. ते दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्याने जोडलेलं नसतं. खांद्याचा फराही स्नायूंनीच धरून ठेवलेला असतो. त्यामुळे जिथून डोकं गेलं, तिथून खांदे आवळून बहुतेक मांजरं सबंध निघून जातात. त्यात घाबरलेलं मांजर पुढे ओढत नाही, मागे सरकतं. आपण समोर असतो, लीश (हार्नेसला लावलेली दोरी) समोरून ताणली जाते, मांजर डोकं खाली घालतं, पुढचे पाय ताणून कोपरं अंगाशी घेतं, आणि छातीवरचा पट्टा खांद्यांवरून पुढे सरकून डोक्यावरून निघतो. दोन सेकंदही लागत नाहीत. पार्किंगमध्ये झालं ते हेच.

म्हणून हार्नेस बघताना मी एकच प्रश्न विचारते: मांजर जोरात मागे गेलं तर यातला कुठला पट्टा कुठे सरकेल?

या प्रश्नाला सगळ्यात बरं उत्तर देतो तो एच आकाराचा, पट्ट्यांचा हार्नेस. त्यात मानेभोवती एक आणि पुढच्या पायांच्या मागे छातीभोवती एक असे दोन फेरे असतात. ते पाठीवर एका पट्टीने आणि छातीखाली, पायांच्या मधून जाणाऱ्या दुसऱ्या पट्टीने जोडलेले असतात. दोन्ही फेरे स्वतंत्रपणे घट्ट-सैल करता आले पाहिजेत. छातीखालची पट्टी महत्त्वाची, कारण तिच्यामुळे मागचा फेरा जागेवरून हलत नाही. लीशची कडी पाठीवर, शक्यतो दोन्ही फेऱ्यांच्या मध्ये किंवा मागच्या फेऱ्यावर असावी. कडी मानेच्या फेऱ्यावर असेल तर सगळा ताण गळ्यावर येतो. तो घेऊ नका. लीश ओढली की आपोआप आवळणारे हार्नेसही मिळतात. मी ते कुणालाच सुचवत नाही. घाबरलेल्या मांजराला गळ्याशी काही आवळल्यासारखं वाटलं तर ते जास्तच बिथरतं.

दुसरा प्रकार जाकिटासारखा, कापडी. यात दाब पसरून पडतो, म्हणून काही मांजरांना तो लवकर मानवतो. पण पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि विदर्भात त्याच्याही वर जातो, तेव्हा जाड कापडी जाकीट नकोच. शिवाय यांतले पुष्कळसे नुसत्या वेल्क्रोवर बंद होतात. वेल्क्रो उघडतानाचा तो चर्रर्र आवाज मांजराच्या कानाशी होतो आणि काही दिवसांतच हार्नेस दिसला की मांजर पलंगाखाली जातं. वेल्क्रोत केस अडकून त्याची पकडही जाते. जाकीटच घ्यायचं असेल तर वेल्क्रोबरोबर बकल असलेलं, जाळीदार, पातळ कापडाचं घ्या. तिसरा प्रकार जमिनीवर पसरून त्यात पाय ठेवायला लावायचा आणि पाठीवर एका क्लिपने बंद करायचा. घालायला सोपा, पण मागे सरकणाऱ्या मांजरावर तो टिकत नाही. चिंगीसाठी तर नाहीच.

दुकानात ‘लहान’ म्हणून जे दाखवतात ते पुष्कळदा कुत्र्याच्या पिल्लाचं असतं. छातीचा आणि खांद्यांचा आकार वेगळा असल्याने ते मांजराच्या अंगावर फिरत राहतं. पाकिटावरचा एस, एम किंवा किलोचा आकडा बघून घेऊ नका. शिंप्याची टेप घ्या आणि चिंगी उभी असताना दोन मापं घ्या: मानेचा तळ, आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर. मोठ्या झालेल्या देशी मांजरांचा घेर साधारण ३० ते ४० सेंटिमीटरच्या दरम्यान असतो. हार्नेस ज्या मापापासून ज्या मापापर्यंत सैल होतो, त्याच्या मध्यावर तुमचं माप यायला हवं. टोकावर आलं तर तो लहान तरी ठरेल किंवा मोठा तरी. पर्शियन किंवा दाट केसांचं मांजर असेल तर केस दाबून माप घ्या, नाहीतर केसांवर घट्ट बसलेला हार्नेस अंगावर ढिला निघतो.

घातल्यावर पट्ट्याखाली एक बोट सहज आणि दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. तीन जात असतील तर मांजर निघेल. मागचा फेरा काखेत घासत नाही ना, हेही बघा. काखेतली कातडी पातळ असते आणि दोन-तीनदा घासूनही तिथे केस जाऊन लाल चट्टा उठतो. मग परीक्षा. ती हार्नेस घालून निवांत वावरायला लागल्यानंतरच घ्यायची, दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत. लीश लावा, तिच्या समोर जमिनीवर बसा, लीश हलकेच आपल्याकडे ताणा आणि तिला मागे सरकू द्या. झटका द्यायचा नाही, नुसता ताण. मागचा फेरा कोपरांवरून पुढे येतोय का आणि मानेचा फेरा कानांकडे चढतोय का, एवढंच बघायचं. तसं होत असेल तर आधी पट्टे नीट करा, तरीही झालं तर हार्नेस बदला. ही परीक्षा घरात नापास झालेला हार्नेस पार्किंगमध्ये पास होणार नाही.

आता तुमच्या दुसऱ्या काळजीबद्दल, ती आडवी का पडली. अंगाला चहूबाजूंनी काही लपेटलं गेलं की पुष्कळ मांजरं अशी थिजतात. काही कुशीवर पडतात, काही पोट जमिनीला टेकवून मागचे पाय ओढत चालतात. पाठीला काही झालेलं नसतं. हार्नेस काढला की उठून चालू लागतात. पण हा हट्ट नाही आणि नाटकही नाही. मांजराला ते सहन होत नाहीये, म्हणून त्याने हालचालच बंद केली आहे. अशा वेळी तिला ओढून उभी करू नका आणि ‘सवय होईल’ म्हणून तासभर तशीच ठेवू नका. हार्नेस काढा आणि समजा की आपण दोन पायऱ्या गाळल्या होत्या.

त्या पायऱ्या कशा चढायच्या, ते जरा विस्ताराने सांगते, कारण सगळं काम इथेच होतं. पहिले काही दिवस हार्नेस तिच्या जेवणाच्या भांड्याशेजारी नुसता पडू द्या. बकल बंद-उघड केल्याचा ‘टक’ आवाज जरा लांबून ऐकवा आणि लगेच तिच्या आवडीचं काहीतरी द्या: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, बांगड्याचा काटे काढलेला तुकडा, नाहीतर चाटायची पातळ ट्रीट. पुढे नुसता मानेचा फेरा, तोही मोठा केलेला, हातात धरा आणि त्यातून पलीकडे ट्रीट धरा, म्हणजे ती स्वतः डोकं घालेल. आपण डोक्यावरून चढवणं वेगळं आणि तिने डोकं घालणं वेगळं. हे तिला सोपं झालं की पाठीवर हार्नेस ठेवून खायला द्या. मग बकल लावा, सैलच, आणि पाच-दहा सेकंदांत काढा. मग जेवणाच्या आधी घाला आणि जेवण झालं की काढा. भुकेलं मांजर खाण्यात गुंतलं की अंगावर काय आहे याकडे कमी लक्ष देतं, म्हणून ही वेळ सगळ्यात चांगली. हळूहळू पट्टे योग्य मापावर आणा. ती हार्नेस घालून खेळायला, उडी मारायला आणि अंग चाटायला लागली की समजा, ही पायरी झाली.

याला किती दिवस लागतील ते मांजरावर अवलंबून आहे. तीन महिन्यांचं धीट पिल्लू आठवडाभरात तयार होतं. दीड वर्षाच्या, त्यातून एकदा घाबरून पळालेल्या चिंगीला महिना-दोन महिने लागले तर ते जास्त नाहीत. कुठल्याही पायरीवर तिने खाणं थांबवलं, की ती पायरी जड झाली असं समजायचं आणि मागे यायचं. मला ही खूण सगळ्यात विश्वासाची वाटते: घाबरलेलं मांजर खात नाही.

लीश नंतर. दीड ते दोन मीटर लांबीची, हलकी, लहान हुक असलेली. कुत्र्यांची जाड लीश आणि तिचा वजनदार हुक साडेतीन किलोच्या अंगावर खाली ओढत राहतो. डब्बीत गुंडाळली जाणारी लीश मांजराला लावूच नका. ती एकदम अडकते तेव्हा झटका बसतो, आणि हातातून सुटली तर ती डब्बी खडखडत मांजराच्या मागे लागते. आधी घरात लीश तिच्या मागे जमिनीवर घसटू द्या, तुमच्या नजरेसमोर. मग हातात धरा, पण ती जाईल तिकडे तुम्ही जा. मांजराला कुत्र्यासारखं फिरवायचं नसतं. बाहेरही अर्धा वेळ ती एका जागी बसून वास घेणार आहे, आणि तिच्या दृष्टीने तोच फेरफटका.

दाराबद्दल मात्र मी कडक आहे. चिंगी आधीच जिन्याकडे धावते. तिला हार्नेस घालून स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडू दिला, तर तिच्या लेखी दार म्हणजे बाहेर जायची वाट ठरते, आणि मग हार्नेस नसतानाही ती त्याच वाटेने निघते. म्हणून हार्नेस आतल्या खोलीत घालायचा, तिला कॅरिअरमध्ये ठेवून खाली न्यायचं, आणि येतानाही कॅरिअरमधूनच आणायचं. खाली गेल्यावर कॅरिअर उघडून तिच्याशेजारी ठेवायचा. तो तिथलं तिचं बीळ असतो. आवाज झाला तर तिला पळायला एक ओळखीची जागा असते, आणि मी वर म्हटलेल्या त्या काही सेकंदांचा उपयोग इथे होतो. यासाठी कॅरिअर घरात एरवीही उघडा, आत जुनी चादर घालून ठेवलेला असायला हवा. फक्त दवाखान्यात जाताना माळ्यावरून काढलेल्या कॅरिअरमध्ये कुठलंच मांजर आपणहून शिरत नाही.

जागा आणि वेळ प्रत्येक सोसायटीत वेगळी. आठवडाभर तुम्ही खिडकीतून बघून ठेवा: कचऱ्याची गाडी कधी येते, शाळेची बस कधी येते, भटक्या कुत्र्यांना कुणी कधी खायला घालतं, बाहेरचे बोके कुठल्या भिंतीवर बसतात. पहाटेचा गारवा छान वाटतो, पण पुष्कळ ठिकाणी कुत्री तेव्हाच मोकळी हिंडत असतात. उन्हाळ्यात दुपार वर्ज्य. फरशीवर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर तिच्या पंजांनाही ती सोसणार नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते कुत्र्यासारखं नेहमीचं समजू नका. लगेच सावलीत, घरात आणा आणि थांबलं नाही तर दवाखाना गाठा. पहिल्या काही वेळा पाच मिनिटं पुरेत, आणि तिने कॅरिअरमधून डोकंही बाहेर काढलं नाही तरी चालेल. कान मागे चपटे, अंग जमिनीलगत, बुबुळं मोठी काळी, शेपटी आपटणं, यातलं काही दिसलं की परत. दिवाळीच्या आसपास आणि गणपतीच्या ढोल-ताशांच्या दिवसांत खाली नेऊच नका.

समोर कुत्रं किंवा बोका आला आणि ती फिस्कारली, तर तिला छातीशी कवटाळू नका. त्या क्षणी ती तुम्हाला ओळखत नसते आणि चावा तुम्हालाच बसतो. बरोबर एक मोठा टॉवेल ठेवा, तिच्यावर टाका, गुंडाळूनच कॅरिअरमध्ये ठेवा. चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मांजराचे दात बारीक पण खोल जातात, जखम वरून बुजते आणि आत चिघळते. शिवाय रेबीजच्या लशीचा निर्णय डॉक्टरने घ्यायचा असतो, आपण नाही.

बाहेर न्यायचं म्हणजे लसीकरण पूर्ण हवं: रेबीज, आणि ज्याला ट्रायकॅट म्हणतात ती तिहेरी लस. ही तिहेरी लस ज्यांच्यावर असते त्यांतल्या पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर वर्षभरही जिवंत राहू शकतो, म्हणजे आजारी मांजर तिथे दिसलं नाही तरी धोका असतो. पिसवा-गोचिडांचं औषध मांजरांसाठीचंच वापरा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला विषारी असतं. झटके येऊन मांजरं दगावतात. सोसायटीत डासांची फवारणी झाली असेल किंवा उंदरांचं औषध टाकलं असेल तर ते दिवस सोडा. बागेत कण्हेर आणि सायकस असतोच; दोन्ही विषारी, तिथे तिला पानं चावू देऊ नका. आणि खऱ्या लिलीच्या बाबतीत तर घरातल्या पुष्पगुच्छावरही लक्ष हवं, तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची किडनी जाऊ शकते.

काही गोष्टी पटकन सांगते. घरी आलं की हार्नेस काढायचा. अंगावर ठेवला तर चाटताना खालचा जबडा किंवा पाय त्यात अडकतो. लीश गळ्यातल्या पट्ट्याला कधीच लावायची नाही. बाल्कनीत किंवा झाडाला तिला बांधून आपण आत जायचं नाही, कठड्यावरून उडी मारलेलं मांजर लीशला लटकतं. गाडीत हार्नेस सीटबेल्टला अडकवून तिला सुरक्षित समजू नका, गाडीत मांजर बंद आणि घट्ट बसवलेल्या कॅरिअरमध्येच असावं. आणि मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, बसवून घ्या. तांदळाएवढी असते, इंजेक्शनसारखी बसते, १५ आकडी क्रमांक असतो. मात्र त्या क्रमांकापुढे तुमचा फोन नंबर नोंदवलेला असेल तरच तिचा उपयोग.

तरीही पुन्हा निसटलीच, तर मागे धावू नका. ती कुठे शिरली ते बघा, खाली बसा, बाकी सगळ्यांना लांब थांबवा, उघडा कॅरिअर आणि तिचं खाणं ठेवा. दिसेनाशी झाली तर आधी जवळच शोधा. हरवलेल्या मांजरांवरची एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सापडलेल्या मांजरांपैकी तीन-चतुर्थांश निसटलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच सापडली होती. घरात वाढलेली मांजरं तर बहुधा त्याच इमारतीच्या आसपास, गाडीखाली, मीटरच्या खोलीत, जिन्याखाली दबा धरून असतात आणि हाका मारल्या तरी आवाज देत नाहीत. रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च घेऊन शोधा, डोळे चमकतात.

मांजरांना हे जमतं का, याचं उत्तर मांजरागणिक वेगळं आहे. पाहुणे आले की दारात येऊन वास घेणारी मांजरं बहुधा बाहेर रमतात. कपाटाच्या वर जाऊन बसणाऱ्यांना बाहेर नेण्यात त्यांचा काही फायदा नसतो. चिंगी खिडकीत बसते, म्हणजे तिला बघायचं आहे. त्यात उतरायचं आहे की नाही, हे अजून कळलेलं नाही. सध्या दोन-तीन आठवडे बाहेरचं नावच काढू नका, तोवर हार्नेस भांड्याशेजारून पुन्हा सुरू करा. मधल्या काळात बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी लावून घ्या, नायलॉनची असेल तर जाड विणीची, कडा पक्क्या ठोकलेली. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडून उपचारांना आणलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला होता. त्यातली बहुतेक वाचली, पण छाती, जबडा आणि पाय यांच्या दुखापती घेऊन. चौथा मजला त्यासाठी पुरेसा उंच आहे. जाळीच्या आत एक उंच फळी, कोवळं गवत लावलेली एक कुंडी आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर दहा मिनिटांचा काठी-पिसाचा खेळ, एवढ्याने तिचं दाराकडे धावणं कमी झालं, तर हार्नेस फक्त दवाखान्यात येताना, कॅरिअरच्या आत, जादा खबरदारी म्हणून वापरा.